वारसनोंदीच्या अर्जातलं वय



या पानावर दरवेळी आम्ही लागणीचे, खताचे, नाहीतर किडीचे लिहितो. यावेळी खोडव्यातल्या पाचटाबद्दल लिहायचे ठरले होते. ते बाजूला ठेवून माणसांबद्दल लिहीत आहोत. कारण सांगतो.

सभासद मयत झाला की त्याचा भाग वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज येतो. त्याच्या नावावर ऊसनोंद असेल तर तो कागद आमच्या शेती खात्याकडून फिरून जातो. उभा ऊस कुणाच्या नावे तुटणार, बिल कुणाच्या खात्यावर पडणार, हे बघून सही करायची. काम कारकुनी आहे. सात-बारा बघायचा, मृत्यूचा दाखला बघायचा, वारसांच्या सह्या बघायच्या. कित्येक वर्षे हे करत आलो, पण दाखल्यावरच्या वयाकडे आम्ही कधी लक्ष दिले नव्हते. मागच्या हंगामात एका दुपारी उंब्रज गटाचे अर्ज एकदम टेबलावर आले. पहिल्याचे वय एक्केचाळीस. त्याखालचा सत्तेचाळीस. पुढचा एकोणसाठ. एक जण अठ्ठ्याऐंशीचा निघाला, आणि तो दाखला वाचून बरे वाटले! मयताच्या कागदावर बरे वाटावे, अशी ही वेळ.

दोन अर्जांवर अर्जदार म्हणून पत्नीचे नाव होते. कारकुनाने सवयीने आधी ‘सौ.’ लिहिले होते, मग खोडून ‘श्रीमती’ केले होते.

गटाच्या क्लार्कला विचारलं, “हे कशानं गेले?”

“अटॅक.”

“आणि हे?”

“शुगर होती. मग किडनी गेली.”

“हा एक्केचाळीसचा?”

“तोंडाचा झाला होता. टाटाला नेला होता.”

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा धडधाकट सभासद अकाली गेला की कारण ठरलेले असे. मोटारीचा शॉक, पान लागले, विहिरीत पडला, नाहीतर हायवेवर गाडीने उडवले. आता उंब्रज ते मसूर, इकडे तारळ्यापर्यंत, ज्या घरी आम्ही समाचाराला जातो तिथे हीच चार नावे ऐकू येतात. हार्ट, शुगर, कॅन्सर, बीपी. म्हाताऱ्या माणसाचे आजार म्हणून ज्यांची ओळख, ते बैल पळवायच्या वयातल्या माणसांना नेताहेत.

त्यातला एक गडी आमच्या चांगल्या ओळखीचा. नाव-गाव सांगत नाही. आडसालीत एकरी टनेज काढणारा, बांधावर उभे राहून दोन तास बोलावे असा माणूस. रात्रपाळीची लाईट होती म्हणून मोटार चालू करायला गेला. छातीत जळजळतंय म्हणाला. पित्त असेल म्हणून सोडा प्याला, पाठीला बाम चोळून घेतला आणि पुन्हा दारं मोडायला गेला. घाम आला तर तो पाण्यात काम केल्याचा समजला. पहाटे घरच्यांनी गाडी काढली तोवर पाच-सहा तास गेले होते. त्याच्या नावावरचा ऊस आम्ही पुढे वेळेत तोडला. एवढेच आमच्या हातात होते.

तीस ते सत्तर

जगभरचे डॉक्टर अशा मृत्यूंना एक माप लावतात. तिशी गाठलेल्या शंभर माणसांपैकी किती जण हृदयविकार व लकवा, कॅन्सर, मधुमेह आणि दम्यासारखे छातीचे जुने विकार या चार कारणांनी सत्तरीच्या आत जातील? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या हिशोबाप्रमाणे भारतात हा आकडा बावीसच्या आसपास आहे. जपान, दक्षिण कोरिया, स्वित्झर्लंड या देशांत तो दहाच्या आत आहे. माणूस तिथलाही मरतो, पण नातवंडांची लग्ने बघून मरतो.

आणि भारत म्हणजे काही एकच रान नाही. को ८६०३२ चे एकच बेणे मसूरच्या काळ्या रानात लावा आणि चाफळच्या मुरमाड रानात लावा. टनेज एक येईल का? नाही. तसेच माणसांचे आहे. २०१७ साली देशातल्या राज्याराज्यांच्या आजारांचा मोठा अहवाल निघाला. १९९० साली देशातल्या शंभर मृत्यूंपैकी अडतीस या जुनाट, न पसरणाऱ्या आजारांनी होत. २०१६ साली ते बासष्ट झाले. पण कुठला आजार कुठे, यात जमीन-अस्मानाचा फरक. लकव्याचा जोर बंगाल, ओडिशा, आसाम, त्रिपुरा या बाजूला. हृदयविकाराचे ओझे पंजाब, तामिळनाडूकडे. फुप्फुसाचा जुना विकार राजस्थान, उत्तर प्रदेशात.

गोव्याचे उदाहरण घ्या, आपल्या शेजारचे. २०१६-१७ च्या तंबाखूच्या पाहणीत देशात सर्वांत कमी तंबाखू गोव्यात आढळली, शंभरात दहाच्या आत. त्रिपुरात चौसष्ट. म्हणजे गोवेकर सुटला म्हणावे, तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत पहिला नंबर गोव्याचाच, शंभरात सव्वीस. एका दाराने चोर गेला तर दुसऱ्याने आत. उत्तर प्रदेशात मधुमेह शंभरात पाचाच्या आत आहे. त्या राज्याने त्यावर खूश व्हायचे कारण नाही, कारण त्याच पाहणीत असेही दिसले की जिथे मधुमेह अजून कमी आहे तिथे त्याच्या उंबरठ्यावर उभी असलेली माणसे जास्त आहेत.

आता तुम्ही विचाराल, खेड्यात माणूस घरी मेला, डॉक्टर आलाच नाही, तर कारण कोणी लिहिले? प्रश्न रास्त आहे. देशात डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू २०२० सालीसुद्धा चौथ्या हिश्शाहून कमी होते. म्हणून रजिस्ट्रार जनरलच्या खात्याने २००१ पासून एक पद्धत वापरली. निवडलेल्या गावांत माणूस जाऊन मयताच्या घरच्यांना विचारतो: छातीत दुखत होते का, किती वेळ, एका बाजूची ताकद गेली होती का, तंबाखू होती का. ती हकीकत दोन डॉक्टर वेगवेगळी वाचून कारण ठरवतात. आमच्या क्लार्कने जे सांगितले तेच, फक्त पद्धतशीर. त्या कामातून २०१८ साली जो निष्कर्ष छापून आला तो आपण सगळ्यांनी कान देऊन ऐकण्यासारखा आहे. तीस ते एकोणसत्तर या वयात हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण पूर्वी शहरात जास्त असे. २००० ते २०१५ या काळात खेड्याने शहराला मागे टाकले. शहरातली माणसे शेण-मातीत राबत नाहीत म्हणून त्यांना अटॅक येतो, हे आपले पारावरचे शास्त्र संपले. आणि ज्यांना हृदयविकार आहे हे आधीच माहीत होते, अशा मयतांपैकी निम्मे तरी नियमित गोळ्या घेत नव्हते.

आपल्याच बाजूची दोन उदाहरणे

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. शेतकरी कुटुंबेच. तिथे जन्मणारे मूल सरासरी पावणेतीन किलोच्याही किंचित आत. इंग्लंडच्या मुलाहून पाऊण किलोहून अधिक हलके. पण गंमत अशी की या हडकुळ्या मुलात मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीचा. पुढे अशा माणसाला खायला-प्यायला मिळू लागले, मोटारसायकल आली, की मधुमेह त्याला लवकर धरतो. आपल्याकडे सडपातळ माणसाला शुगर निघाली की लोक चक्रावतात, ‘ह्याला कुठून आली?’ म्हणतात. ती आईच्या पोटातून आलेली असू शकते. त्याच अभ्यासात दिसले की गरोदरपणी ज्या बायकांनी पालेभाजी, फळे, दूध खाल्ले त्यांची मुले भरलेली झाली. आणि ज्यांना शेतातले व पाण्याचे अवजड काम पडले त्यांची मुले लहान झाली. आम्ही पायाभूत बेण्यासाठी वेगळा प्लॉट राखतो, त्याला जादा खत देतो, भांगलण चुकू देत नाही. घरातली सून मात्र आठव्या महिन्यातही वैरणीचा भारा आणते. यावर जास्त काही लिहीत नाही, ज्याने त्याने आपल्या घरात बघावे.

दुसरे उदाहरण बार्शीचे. मुंबईत कॅन्सरची नोंदवही १९६० च्या दशकापासून आहे. खेड्यातली देशातली पहिली नोंदवही १९८७ साली बार्शीला सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यातल्या गावांसाठी, टाटा हॉस्पिटलच्या मदतीने. एकूण कॅन्सरचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहून कमी निघाले. पण बायकांत गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पहिल्या नंबरवर. हा असा रोग आहे की वेळेत सापडला तर बाई वाचते. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ नंतर एक लाख तीस हजारांवर बायकांना घेऊन गावोगाव तपासणीचा प्रयोग झाला. २००९ साली निकाल आला: एचपीव्ही नावाची एकच चाचणी एकदाच केलेल्या गावांत त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. दुष्काळी जिल्हा, डॉक्टर कमी, रस्ते तसलेच. तरी निम्मे.

इकडे कृष्णाकाठी आमच्या बघण्यात जास्त येतो तो तोंडाचा. कारण उघड आहे. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे देशात कमी, २०१६-१७ च्या पाहणीत शंभरात चारसुद्धा नाहीत. पण तोंडात तंबाखू धरणारे शंभरात चोवीस. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, ती कुठल्या टपरीवर कशी पाळली जाते ते आम्ही सांगायला नको. आणि बायकांची मिश्री! तव्यावर तंबाखू भाजून दात घासणे याला आपल्याकडे कोणी व्यसन मानत नाही. ‘दात दुखतोय म्हणून लावते’ म्हणतात. ती तंबाखूच आहे, तोंडालाही तीच आणि पोटातल्या बाळालाही तीच.

साखरेबद्दल दोन शब्द

साखर कारखान्याच्या अंकात साखरेविरुद्ध लिहावे का? हा मजकूर आम्ही संपादकांकडे पाठवला तेव्हा हीच भीती होती. त्यांनी छापला, म्हणजे हरकत नसावी.

आमचाच हिशोब देतो. गट फिरताना दिवसात आठ घरे झाली की आठ चहा झाले. नको म्हटले तर घरधनी रागावतो, आणि ‘आपल्याच कारखान्याची साखर आहे साहेब’ म्हणून एक चमचा जास्तच पडतो. कपाला दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम, धरली तर ऐंशी ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा पन्नास ग्रॅम सांगते, आणि पंचवीसवर आला तर उत्तम म्हणते. नुसत्या साखरेने शुगर होते असे सरळ गणित नाही. आई-बापाकडून आलेला वारसा, पोटाचा घेर, बसून राहणे, सगळे मिळून होते. पूर्वी बांधावर जायला चालावे लागे, आता गल्लीतून टपरीपर्यंत गाडीवर जातो. भाकरीच्या जागी भाताचे ताट वाढले. हे सगळे ऊसाच्या पैशाने आले, आणि त्यात वाईट काही नव्हते, कुणी कष्टच करत राहावे असे थोडेच आहे. दिवाळीची सवलतीची साखर बंद करा असेही आमचे म्हणणे नाही. म्हटले तर पुढची वार्षिक सभा आमच्यावरच व्हायची.

पण ज्यांचा धंदाच त्या पदार्थाचा, अशा शेतकऱ्यांनी काय केले याची एक गोष्ट ऐका. फिनलंड नावाच्या थंड देशात पूर्वेला नॉर्थ कॅरेलिया म्हणून जिल्हा आहे. दूध-लोण्याचा आणि लाकूडतोडीचा मुलूख. १९६० च्या दशकात तिथले पुरुष हृदयविकाराने मरण्यात जगात सर्वांत पुढे होते, आणि त्याच देशाच्या पश्चिम भागात प्रमाण कमी होते. रानातली कष्टाची माणसे, चाळिशी-पन्नाशीत जाऊ लागली. घरोघर विधवा. १९७१ साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी आणि गव्हर्नरने सरकारकडे अर्ज केला की आमच्यासाठी काहीतरी करा. १९७२ साली काम सुरू झाले. प्रमुख नेमला तो पेक्का पुस्का नावाचा, तिशीही न गाठलेला डॉक्टर.

त्याने हॉस्पिटल बांधले नाही. कारण सापडले होते: पावावर लोण्याचा जाड थर, मलईचे दूध, मीठ आणि सिगारेट. दूधधंदेवाले भडकले. लोणी खाऊ नका म्हणजे आम्ही काय खावे? साहजिक आहे. मग गावातल्या बायकांच्या मंडळांना हाताशी धरून संध्याकाळी गावजेवणे घातली, तोच रस्सा भाज्या जास्त आणि चरबी कमी घालून. गावातलीच ज्यांचे लोक ऐकतात अशी माणसे शिकवून तयार केली. तिथल्या थंडीत येईल अशी तेलबियांची जात काढली. काही दूधवाल्या शेतकऱ्यांना बोरांसारख्या रानफळांच्या लागवडीकडे वळायला मदत केली. पाच वर्षांनी फरक दिसला तेव्हा तेच काम सगळ्या देशात नेले. पस्तीस वर्षांत त्या जिल्ह्यातल्या कामाच्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू सुमारे पंच्याऐंशी टक्क्यांनी घटले. आणि तिथला दूधधंदा बुडाला नाही, कमी चरबीचे दूध विकू लागला.

फडातली दुसरी माणसे

आता एक गोष्ट, जी सभासदांना आवडेल न आवडेल. आपल्या शिवारात नोव्हेंबर ते मार्च दोन जिल्हे शेजारी राहतात. बांधाच्या आत सातारा आणि कोपीत बीड. पाऊस, पाणी, शाळा, दवाखाना, सगळे वेगळे. त्यांचेही आजार वेगळे.

२०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या तेरा हजार आठशेवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा होतो, खाड्याला दंड होतो, अंगावरून जाते, आणि डॉक्टर म्हणतो काढून टाक. पिशवीबरोबर अंडकोशही काढले तर अशा बाईला हृदयविकार आणि हाडे ठिसूळ होणे हे दोन्ही लवकर गाठतात. म्हणजे आज खाडा वाचला, पण त्याचा हप्ता पुढे पन्नाशीत जातो.

ऊसतोडीचा आणि किडनीचा संबंध तर जगभर गाजलेला आहे. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत, ऊस तोडणारी तरणी पोरे किडनी निकामी होऊन मरू लागली. ना शुगर, ना बीपी. २००२ साली एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी ते छापून जगापुढे मांडले. निकाराग्वात चिचिगल्पा नावाचे ऊसाचे गाव आहे, तिथे बाप गेले, मग मुलगे गेले. कीटकनाशके, पाणी, धातू, अनेक संशय घेतले गेले. सर्वांत जोर आहे तो उन्हात जिवापाड काम आणि दिवसामागून दिवस अंगातले पाणी आटणे, यावर. तिथे ऊस जाळून तोडतात, फडात झाड नसते, आणि टनावर पैसे असल्याने माणूस थांबत नाही. नंतर तिथल्याच एका मोठ्या कारखान्याने ठराविक वेळाने सक्तीची विश्रांती, हलता मांडव आणि पाण्याचे डबे सुरू केले, तेव्हा किडनीला होणारी इजा घटत गेल्याचे तपासण्यांत दिसले. आपल्या देशातही आंध्राच्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम म्हणून भाग आहे, नारळ-काजूवाल्या शेतकऱ्यांचा, तिथे असाच किडनीचा आजार आहे. शेजारच्या जिल्ह्यात नाही, तिथे आहे.

आपला फड आणि तिथला फड यात फरक आहे. आपल्याकडे हंगामाचा पुष्कळसा भाग थंडीत जातो. पण मार्चचे ऊन आम्हीही बघितले आहे. टोळी पहाटे चारला फडात उतरते, ट्रॉली भरेपर्यंत दुपार होते, आणि बाई पाणी मुद्दाम कमी पिते, कारण उघड्या रानात आडोसा नसतो. सांध्यांच्या दुखण्याला दुकानातून दोन-दोन दुखीच्या गोळ्या आणून घेतात. अंगात पाणी नसताना ही गोळी किडनीला सर्वांत वाईट. फडाच्या बांधावर पाण्याची टाकी आणि पाचटाचा आडोसा, एवढे शेतमालकाने करायला एका खेपेच्या भाड्याइतकाही खर्च येत नाही. तोडकरी आपला सभासद नाही हे खरे. ऊस मात्र आपला आहे.

लाल कूज आणि बीपी

लाल कूज तुम्ही बघितली आहे. वरून वाढ्याचे तिसरे-चौथे पान पिवळे पडते, तेव्हा आपण म्हणतो पाणी कमी पडले असेल, युरिया टाका. ऊस उभा चिरावा तर आतला गर लाल झालेला, मध्ये पांढरे आडवे पट्टे, आंबूस दारूसारखा वास. पान पिवळे दिसेपर्यंत आत सगळे संपलेले असते. बीपीचे तंतोतंत तसेच. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस पोती उचलतो. मापल्याशिवाय कळायला मार्गच नाही. २०२३ च्या त्याच देशव्यापी पाहणीत मोठ्या माणसांपैकी शंभरात पस्तीस जणांना बीपी निघाले.

आमचीच गंमत सांगतो. गेल्या वर्षी शेती खात्याच्या सगळ्या स्टाफची तपासणी झाली. आम्ही चाळिशीतले, रोज रान तुडवणारे, त्यामुळे छाती काढून बसलो. निघाले एकशेसाठ-शंभर. मशीन बिघडलंय म्हणून दुसऱ्याला लावले, त्याचे एकशेवीस आले. गोळी लिहून दिली ती महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून होती, कारण काहीच होत नव्हते. त्या वारसनोंदीच्या अर्जांनंतर ती सुरू केली.

या बाबतीत आपला सातारा जिल्हा मागे नाही. २०१७ च्या अखेरीस केंद्र सरकार, भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचे काम पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत सुरू केले. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार घेतले. प्राथमिक आरोग्य केंद्रात माप घ्यायचे, ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या साध्या गोळ्या द्यायच्या, महिन्याभराच्या एकदम द्यायच्या, प्रत्येकाचे कार्ड ठेवायचे, आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. आपण ऊसनोंदीला जे करतो तेच. या कामाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. ‘सरकारी गोळीत पावर नसते’ हे वाक्य आम्ही शिवड्यापासून चरेगावपर्यंत ऐकले आहे. औषध तेच असते, डबी साधी असते.

आणि अटॅक आलाच तर वेळ हेच सर्व काही. देशभरच्या एकोणनव्वद हॉस्पिटलांतल्या वीस हजारांवर रोग्यांचा अभ्यास २००८ साली छापून आला. गरीब रोगी महिन्याभरात शंभरात आठ दगावत, श्रीमंत साडेपाच. उपचारातला फरक हिशोबात धरला तर हा फरक उरला नाही. म्हणजे गरिबाचे हृदय काही वेगळे नव्हते, उपचार वेगळा होता. आता महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, १०८ ची गाडी २०१४ पासून आहे, कराड हायवेने अर्ध्या तासाच्या आत आहे. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर सोडा पिऊन मोटार बघायला जाऊ नका. लाईट उद्याही येणार आहे.

शेती खात्याच्या लोकांनी वर्गणी काढून उंब्रज गट ऑफिसला एक बीपीचे मशीन आणून ठेवले आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी आमच्यापैकी एक जण तिथे असतो. माप घेऊन चिठ्ठीवर लिहून देतो. नोंदवहीत नाव घालत नाही, आणि औषध देत नाही, ते डॉक्टरचे काम. जास्त निघाले तर चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्यात जायचे. सभासद, सभासदाच्या घरची माणसे, तोडकरी, ट्रॅक्टरवाले, कुणीही यावे. जेवून लगेच, किंवा तंबाखू खाऊन बसू नये, अर्धा तास थांबावे.

पहिल्या दिवशी सर्वांत आधी खुर्चीवर बसला तो टोळीचा मुकादम. हे केल्याशिवाय तोडीची स्लिप मिळत नाही, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. आम्ही खुलासा केला, पण त्याच्या मागे लाईन लागल्यावर. त्या लाईनीत वारसनोंदीच्या त्या अर्जांपैकी एका अर्जावरच्या श्रीमतीही होत्या. त्या ऊसाची तारीख विचारायला आल्या होत्या. तारीख सांगितली, मग त्यांनी पदर सावरून हात पुढे केला.

पाचटाचा राहिलेला लेख पुढील अंकी देऊ.